गिरनार: रोपवे अंबाजीपर्यंतच, आणि शिलालेख आधी बघा

"रोपवे झालाय आता, दोन तासांत दत्तदर्शन!" असं मला छातीठोक सांगणारे स्वतः वाटेतल्या अंबाजी देवळाच्या पुढे गेलेच नव्हते. हे मला परत आल्यावर कळलं.

२०२० साली सुरू झालेला रोपवे अंबाजीला सोडतो. पाचेक हजार पायऱ्या वाचतात, पण खरी परीक्षा पुढे आहे. आधी गोरखनाथ चढायचा, म्हणजे गुजरातचं सगळ्यात उंच टोक. समोर दत्ताचं शिखर अगदी हाताशी दिसतं, आणि पायऱ्या खाली उतरू लागतात! उतरा, पुन्हा चढा, आणि येताना तोच गोरखनाथ परत चढा. जाताना मी मजेत होतो. त्या परतीच्या चढावर तीनदा बसलो. तेवढ्यात वारा सुटला, रोपवे थांबला, आणि वाचलेल्या पायऱ्या उतरताना व्याजासकट मोजल्या. डोली लागणार असेल तर तळेटीला, म्हणजे पायथ्यालाच ठरवा. तिथे वजनावर दर असतो. वर तुमचा चेहरा बघून.

दुसरी चूक माझीच. पायथ्याजवळचं जुनागढ गाव उरलेल्या दुपारवर ठेवलं. रिक्षावाल्याने 'पाच पॉइंट'चे सहाशे घेतले. त्यातला पहिला नरसिंह मेहतांचा चोरा, म्हणजे 'वैष्णव जन तो' लिहिणाऱ्या पंधराव्या शतकातल्या कवीची भजनाची जागा. दाराला कुलूप. "बंद छे," एवढं सांगून स्वारी पुढे निघाली.

अशोकाच्या शिलालेखाशी मात्र मी हट्टाने उतरलो, आणि पाय विसरलो. एकाच खडकावर तीन राजे, पहिल्या आणि शेवटच्यात सातेकशे वर्षांचं अंतर. अशोकाच्या चौदा आज्ञा प्राकृतात. इसवी सन १५० च्या सुमाराचा रुद्रदामन संस्कृतात, आणि तोही ऐटदार गद्यात. इथल्या जुन्या सुदर्शन तलावाचा बांध वादळी पावसात ४२० हात फुटला, मंत्र्यांनी हात टेकले, तेव्हा प्रजेवर कर किंवा वेठ न लादता स्वतःच्या खजिन्यातून बांधला, असं तो सांगतो. पुढे म्हणतो, दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवलं, पण जवळचा नातेवाईक म्हणून सोडून दिलं. आपल्या सातवाहनांचा पराभव इथे कोरलेला आहे! तलाव पुन्हा फुटल्यावर गुप्तांच्या स्कंदगुप्ताने दुरुस्ती करून आपला लेख जोडला. आणि आपली मंडळी पहाटे अंधारात याच रस्त्याने तळेटीला जातात, दमून परततात, मान वळवत नाहीत.

म्हणून पहिला दिवस गावाला. सकाळी चोरा, मग शिलालेख, तिथून तळेटीकडे चालत दामोदर कुंड. नरसिंह मेहता रोज इथे स्नानाला येत, असं लोक सांगतात. उपरकोट किल्ला बघाच. तिथली अडीकडी वाव (पायऱ्यांची विहीर) आणि नवघण कूवो (विहीर) न पाहणारा 'जीवतो मूओ', म्हणजे जिवंतपणी मेलेला, असं तिथली म्हण बजावते. खडकात खोल उतरणाऱ्या त्या पायऱ्या गिरनारच्या आदल्या दिवशीच उतरा, दुसऱ्या दिवशी गुडघे ऐकणार नाहीत. महाबत मकबरा बाहेरून दहा मिनिटं पुरे.

परतीचं रेल्वे तिकीट काढताना खालचा बर्थ मागा. मी वरच्यावर कसा चढलो ते विचारू नका.