सुविचारात गाढव का नसतं?

शाळेत माझं अक्षर बरं होतं, त्याची शिक्षा मी सहा वर्षं भोगली. पाचवी ते दहावी, फळ्याच्या कोपऱ्यात रंगीत खडूनं ‘आजचा सुविचार’ लिहायचं काम माझ्याकडं. बाईंनी एक वही दिली होती, तिच्यातला रोज एक उतरवायचा. हजारभर तरी लिहिले असतील आणि एकही नीट वाचला नाही. सगळं लक्ष वेलांटी कशी वळते आणि ओळ खाली घसरत नाही ना, याच्याकडं. आज त्यातला एकच आठवतो, ‘वाचाल तर वाचाल’. तोही त्यातल्या कोटीमुळं.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमच्या टोकियोच्या ऑफिसातलं कॅलेंडर. रोज एक पान फाडायचं, प्रत्येक पानावर एक म्हण. सकाळी लवकर येते म्हणून पान फाडायचं काम कुणाकडं आलं असेल, ते सांगायला नको. फरक इतकाच की या वेळी मी वाचते. जपानी सुधारावी म्हणून सुरुवात केली, आता चटक लागलीय.

या म्हणींत जनावरं फार. माकडसुद्धा कधी झाडावरून पडतं, म्हणजे आपला पट्टीचा पोहणारा. घोड्याच्या कानात नेंबुत्सु, म्हणजे अमिदा बुद्धाचं नाम घ्यायचं आणि घोड्यानं कान हलवायचा. आपल्याकडं गाढवापुढं गीता वाचतात, तेच. बेडूक तर विहिरीसकट सारखाच. ‘फुलांपेक्षा दांगो बरे’ ही म्हण मला पहिल्याच वसंतात पटली. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला म्हणून सगळे बागेत जमले आणि तासभर काडीला टोचलेले तांदळाच्या पिठाचे गोळे खात बसले. आधी पोटोबा.

आणि माझी सगळ्यात लाडकी: काम इतकं, की मांजराचा पंजासुद्धा उसना घ्यावासा वाटतो. इथलंही आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं, त्यामुळं त्या महिन्यात आमचं सगळं ऑफिस मांजर शोधत असतं.

माझं मत झालंय की सुविचार आणि म्हण यांच्यात खरा फरक गाढवाचा आहे. सुविचारात यश असतं, ध्येय असतं, फार तर एखादा दीपस्तंभ. गाढव कधीच नसतं. म्हण मात्र कुणीतरी चुलीपाशी नाहीतर बांधावर वैतागून बोललेली असते, आणि वैतागलेल्या माणसाला ध्येय सुचत नाही, गाढव सुचतं. शिवाय म्हणी वकिलासारख्या, दोन्ही बाजूंनी उभ्या राहतात. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणायचं, आणि लगेच बोलणाऱ्याची माती विकते हेही म्हणायचं.

इथं हा अनुभव मी स्वतः घेतलाय. पहिल्या वर्षी मला सॉफ्टवेअर तपासायचं काम मिळालं. दिवसभर तेच बटण दाबायचं, तोच तक्ता भरायचा. कंटाळून मी आमच्या काचोंना, म्हणजे विभागप्रमुखांना, काम बदलून द्या म्हटलं. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि शांतपणे म्हणाले, “इशि नो उए नि मो सान्नेन.” थंडगार दगडावरही तीन वर्षं बसलं तर तो ऊबदार होतो. मला वाटलं, दगडाचं होईल हो, बसणारीचं काय?

त्याला आता नऊ वर्षं झाली. दगड कधी तापला कळलं नाही. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधायची आणि वर पगार घ्यायचा, मराठी माणसाला याहून मोठं सुख कुठलं! परवा कॅलेंडरवर मात्र उलटी म्हण निघाली: ‘सुकि कोसो मोनो नो जोओझु नारे’. आवड असेल तरच हात बसतो. मी ते पान काचोंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी वाचलं, मान डोलावली आणि पाठकोऱ्या बाजूवर जेवणाची ऑर्डर लिहून घेतली.

कष्ट आणि वाचन एकाच मूर्तीत बघायचं असेल तर निनोमिया किंजिरो. १७८७ साली जन्मलेला शेतकऱ्याचा पोर. पाठीवर सरपणाची मोळी, हातात उघडं पुस्तक, आणि चालता चालता वाचतोय. जपानमधल्या कितीतरी प्राथमिक शाळांत त्याचा पुतळा असतो. मी पहिल्यांदा पाहिला तो मात्र सोनेरी, टोकियो स्टेशनजवळच्या याएसू बुक सेंटरच्या दारात. २०२३ च्या मार्चमध्ये ती इमारत पुनर्विकासासाठी बंद झाली तेव्हा मला त्याच्या मोळीची उगाच काळजी वाटली. अलीकडं काही ठिकाणी किंजिरोला चक्क खाली बसवलाय. चालता चालता वाचतो, मग पोरं मोबाईल बघत रस्त्यानं चालायला शिकतील ना! फळ्यावरच्या सुविचाराला कधी कुणी असा आक्षेप घेतल्याचं आठवत नाही. वाचलाच नसणार कुणी.

आपल्याकडं १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, तसा इथं २७ ऑक्टोबरपासून वाचन सप्ताह असतो. नाव सप्ताह, चालतो ९ नोव्हेंबरपर्यंत, चांगला चौदा दिवस. त्याच सुमारास टोकियोतल्या जिम्बोचो भागात जुन्या पुस्तकांची जत्रा भरते. निशिकासाईहून मेट्रोच्या तोझाई लाइननं कुदानशिता स्टेशनला उतरायचं आणि दहा मिनिटं चालायचं. शंभराहून जास्त जुन्या पुस्तकांची दुकानं एका वस्तीत. बरीचशी रस्त्याच्या दक्षिण बाजूला, तोंड उत्तरेकडं, कारण उन्हानं पुस्तकं पिवळी पडतात. वास्तुशास्त्रवाल्यांनी हे एकदा येऊन बघावं. आणि प्रत्येक गल्लीत करीराइसची खानावळ. का, तर एका हातात पुस्तक धरून दुसऱ्या हातानं चमच्यानं खाता येतं म्हणे. वरणभातालाही हे जमतं, पण आपण ते कधी जाहीर केलं नाही.

तिथून मी दर वर्षी पिशवीभर आणते आणि पलंगाशेजारी रचते. या रोगाला जपानीत नाव आहे, ‘त्सुंदोकु’. ‘रचून ठेवणं’ आणि ‘वाचणं’ या दोन शब्दांची मेइजी काळातली (१८६८ ते १९१२) कोटी. ‘वाचाल तर वाचाल’ची धाकटी, आळशी बहीण. माझी थप्पी सध्या खिडकीच्या कडीला लागलीय.

या वर्षी एका बोळातल्या दुकानात म्हणींचा जुना खिशाएवढा कोश मिळाला. मालक सत्तरीचे असावेत. त्यांनी पुस्तक आधी कापडानं पुसलं, पानं फुलवून आत काही राहिलं नाही ना ते पाहिलं. मग खाकी कागद घेतला, पुस्तक त्यावर ठेवून उंची बघितली, वरची-खालची कड नखानं दाबत दुमडली, पुठ्ठा घडीत सरकवला, पुस्तक मिटून मागची बाजू बसवली आणि अंगठा एकदा कण्यावरून फिरवला. चिकटपट्टी नाही, डिंक नाही. मिनिटभराचं काम. मला राहवलं नाही. विचारलं, “इतकी वर्षं हेच करताय, आवडतं का हो हे काम?”

ते जरा थांबले. मी मनात वही उघडून तयार, आता एखादं वचन येणार.

“पुस्तकं जड असतात,” ते म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले.

जूनमध्ये आमच्या घरी हाच कार्यक्रम असायचा. साताऱ्याच्या घरी आई जमिनीवर बसून माझ्या आणि दादाच्या वह्यापुस्तकांना खाकी कव्हरं घालायची. मैद्याची खळ, लोखंडी कात्री, लेबलावर नाव, इयत्ता, तुकडी, विषय. कोपरा फुगला तर उकलून पुन्हा. घडी बसावी म्हणून रात्रभर सगळा गठ्ठा पाटाखाली आणि पाटावर वरवंटा.

म्हणून रविवारी व्हिडिओ कॉलवर कोश तिला दाखवला. म्हटलं, “बघ, इथंही घालतात, तुझ्यासारखंच.”

आईनं चष्मा पुसला, फोन नाकाशी नेला.

“उलटं कर जरा,” म्हणाली. मी केलं.

“मागची घडी तिरकी आहे गं. पण हात चांगलाय त्याचा.”