भाटघरच्या काठावर मारलेली चुन्याची रेघ

धरणाकाठची जमीन बघायला लोक साधारण दिवाळीनंतर बाहेर पडतात. हवा छान असते, डोंगर अजून हिरवे असतात, पाणी समोर चमकत असतं, आणि निम्मा व्यवहार तिथे उभ्या उभ्याच ठरतो. मी जमीन मोजणीचं खासगी काम करतो. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की एकदा मे महिन्यात जा आणि एकदा ऑगस्टात, भर पावसात. दोन्ही वेळा जागा पटली, तरच इसाराचं बोला.

हे इतकं आग्रहाने का सांगतो, ते भाटघर धरणाकाठच्या एका दिवसावरून लिहितो.

माझ्याकडे एक जोडपं आलं होतं. सर बँकेत होते, निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. मॅडम शाळेत मुख्याध्यापिका. पुण्यातला फ्लॅट मुलीला द्यायचा आणि आपण पाण्याकाठी बैठं घर बांधून राहायचं, असं दोघांचं जुनं स्वप्न. जानेवारीत त्यांनी वेळवंड खोऱ्यात अकरा गुंठ्यांचा एक तुकडा पाहिला. एजंटाच्या भाषेत ‘लेक-टच’. तारेच्या खांबांपासून पंधरा-वीस पावलांवर पाणी होतं. झोपाळा कुठे टांगायचा, तेसुद्धा मॅडमनी मनात ठरवून टाकलं होतं. पैसे देण्याआधी हद्द बघून घ्यावी म्हणून त्यांनी मला बोलावलं, आणि तारीख निघाली मे महिन्यातली.

गाडीतून उतरल्यावर मॅडम बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. पाणी पार खाली गेलं होतं. मधे नुसता भेगाळलेला गाळ, त्यात चरणारी गुरं आणि दूरवर पाण्याचा एक पट्टा.

हे धरण मुळात आहेच तसं. वेळवंडी नदीवर ब्रिटिशांच्या काळात बांधलेलं, लॉर्ड लॉइड या गव्हर्नरचं नाव दिलेलं, साडेतेवीस टीएमसी क्षमतेचं. त्याचं पाणी वीर धरणात उतरतं आणि तिथून नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणच्या शेतांवर जातं. ते साठवलेलंच खाली सोडण्यासाठी. उन्हाळी आवर्तनं, म्हणजे कालव्याने पाणी सोडायच्या पाळ्या, सुरू झाल्या की पाणी झपाट्याने मागे सरतं, आणि एरवी बुडालेलं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. शेतीसाठी बांधलेल्या कुठल्याही धरणाचं असंच असतं. आपण त्याला तलाव म्हणतो, पण त्याचा काठ महिन्यागणिक हलतो.

एजंट मात्र खुशीत होता. ‘‘उलट फायदाच आहे सर, उन्हाळ्यात एवढी जागा तुम्हाला वरकड वापरायला. पोरंबाळं आली की क्रिकेट खेळतील.’’

मी त्याच्याशी वाद घातला नाही. अशा ठिकाणी वाद लेव्हलने, म्हणजे पातळी मोजायच्या दुर्बिणीनेच मिटवावा. जलाशयाची पूर्ण संचय पातळी, म्हणजे आमच्या बोलीतली एफआरएल, हा ठरलेला आकडा असतो. धरण काठोकाठ भरलं की पाणी त्या पातळीला येऊन उभं राहतं. तो आकडा मी आधीच काढून ठेवला होता. माझ्या मदतनिसाने आदल्या दिवशी रस्त्याकडच्या पक्क्या खुणेवरून पातळी आणून आमच्या जागेजवळ एका कातळावर रंगाने मारून ठेवली होती. उंची मोबाइलवर बघून काम होत नाही, हे इथे सांगायलाच हवं. उपग्रहावरून मिळणारी कच्ची उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत आपल्या भागात साठ मीटरहून जास्त फरक पडतो, आणि मोबाइल कुठली दाखवतोय ते बघणाऱ्याला कळत नाही.

स्टँड लावला, बुडबुडा मधे आणला. मदतनीस स्टाफ, म्हणजे आकडे मारलेली उभी मोजपट्टी, घेऊन उतारावर निघाला. मी हाताने खूण करायचो, वर, अजून वर, थोडा खाली, बस. तिथे खुंटी. मग पुढची. ही रेघ सरळ जात नाही. ओघळ आला की त्यात आत शिरते, उंचवटा आला की त्याला वळसा घालून बाहेर पडते. खुंट्या ठोकून झाल्यावर मदतनिसाने चुन्याची पाटी उचलली आणि एका खुंटीपासून दुसरीपर्यंत पांढरी रेघ ओढत नेली. तारेच्या खालच्या खांबांना ती शिवलीसुद्धा नाही. प्लॉटच्या ऐन मधून, तिथल्या आंब्याच्या झाडाच्याही वरच्या अंगाने गेली.

मॅडम तेव्हा आंब्याच्या खालच्या बाजूला, जिथे ओटा बांधायचा होता तिथेच उभ्या होत्या. मी मदतनिसाला त्यांच्या शेजारी स्टाफ धरायला सांगितलं. जमीन एफआरएलच्या खाली 1.65 मीटर भरली. मदतनिसाने स्टाफवर तेवढ्या उंचीला बोट ठेवलं. ते मॅडमच्या डोक्याच्याही वर होतं.

‘‘म्हणजे ऑगस्टमध्ये इथे?’’

‘‘धरण भरलं की इथे पाणी असतं, मॅडम.’’

एजंट म्हणाला, एवढं कधीच येत नाही. त्यावर खालून गुरं वळवत आलेल्या एक आजी थांबल्या. एवढा वेळ त्या आमचा खेळ बघत होत्या. काठीने त्यांनी करवंदीची जाळी दाखवली. तिच्या फांद्यांत सुकलेलं गवत, काटक्या, प्लॅस्टिकचा चिंधोटा असं एका पातळीत अडकलेलं होतं, आणि ती पातळी आमच्या रेघेला अगदी जुळत होती.

‘‘हितवर येतं पानी. दरसाल येतं. आन ह्यो बगा धोंडा.’’

आजींनी काठीने गवत बाजूला केलं. जमिनीत निम्मा रुतलेला घडीव दगड, वर छिन्नीची खूण. संपादनाच्या हद्दीचा दगड, रेघेच्याही थोडा वर. त्याच्या खालची जमीन सरकारने कधीच घेतलेली. तरीही तारेचे खांब आणखी खाली, थेट गाळापर्यंत नेऊन ठेवले होते.

‘‘खालची खाचरं आमच्या सासऱ्याच्या बापाची,’’ आजी म्हणाल्या. ‘‘ती गेली पान्यात. आता पानी उतरलं की आमी गाळपेर करतो, पावती फाडून.’’

गाळपेर म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या बुडीत जमिनीतलं पीक. ही जमीन जलसंपदा खातं तेवढ्या मुदतीपुरती भाड्याने देतं, आणि ती मागण्याचा पहिला हक्क धरणात जमिनी गेलेल्यांचा समजला जातो. एजंट क्रिकेटला म्हणून जी जागा दाखवत होता, ती ह्या बाईंच्या घरात वर्षाची कडधान्यं देणारी होती. खांबांना तार ओढली असती, तर त्यांच्या गुरांची पाण्यावर जायची वाटही बंद झाली असती. माझं अंग तापलं. गिऱ्हाइकाला फसवणं एक, आणि ज्यांचं एकदा सगळं बुडालं त्यांच्या उरल्यासुरल्यावर कुंपण घालणं, हे त्याहून फार वाईट.

मग कागद काढले. सातबारा एका मोठ्या गटाचा, त्यावर भावकीची भरपूर नावं, आणि विकायचे होते त्यातले अकरा गुंठे. 1947च्या तुकडेबंदी कायद्याखाली जिरायत जमिनीला किमान वीस गुंठ्यांची अट आहे. तिच्या आतला तुकडा स्वतंत्र गट म्हणून तोडता येत नाही. म्हणून असे व्यवहार ‘सामाईकात नाव लावून देतो’ म्हणून होतात. नाव लागतं, पण नेमके कुठले अकरा गुंठे तुमचे, हे कुठल्याच नकाशावर नसतं. उद्या भावकीतल्या एकाने वाटप मागितलं, की तुमचं घर कुणाच्या हिश्शात येईल याचा भरवसा नाही. सरांची कराडकडे वडिलोपार्जित शेती होती, त्यामुळे शेतकरी असल्याचा प्रश्न सुटलेला होता. बिगरशेतकऱ्याला तर कुळकायद्याचं कलम 63 पहिल्याच पायरीला अडवतं.

सर अजून हिशोब करत होते. रेघेच्या वर जे उरतंय त्यात घर बसवू, म्हणाले. म्हणून मी दोघांना वरच्या अंगाला नेलं. रस्त्यासाठी जेसीबीने डोंगराला उभा काप घेतला होता. वर सैल माती आणि मुरूम, खाली कातळ, आणि दोन्हींच्या सांध्यात मे महिन्यातसुद्धा ओल. हात लावला तर बोटांना शेवाळ लागलं. त्या सांध्यातून उन्हाळ्यात पाणी झिरपत असेल, तर जुलैत वरचा सगळा भार त्याच पाण्यावर टेकलेला असणार. 30 जुलै 2014ला माळीण गाडलं गेलं, तेही सह्याद्रीच्या अशाच पावसात. कापाच्या पायथ्याशी घर बांधू नये, यावर मी कधीच तडजोड करत नाही. कापापासून मोकळं अंतर सोडलं, चुन्याच्या रेघेपासून सोडलं, आणि मधे बांधायला उरली ती जेमतेम अडीच गुंठे जागा. तीही उतरती.

मॅडमनी त्यानंतर विचारलेले प्रश्न मला फार आवडले. पिण्याचं पाणी कुठलं? एवढं धरण उशाला असून वैशाखात वाडीतल्या बायका हंडे घेऊन लांब जातात, हे त्यांना आजींनी सांगितलं. रात्री यांच्या छातीत दुखलं तर? भोरच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता पावसात, धुक्यात गाडीने किती वेळ घेतो? तेव्हा मी सत्तर-पंचाहत्तरची असेन, हा चढ मला चढवेल का? जागा बघताना माणसं आजच्या गुडघ्यांनी बघतात. मॅडमनी पंधरा वर्षांनंतरच्या गुडघ्यांनी बघितली, आणि एजंटाला तिथेच सांगून टाकलं, आम्हाला नको.

निघताना आजींनी चहाला थांबवलं. त्यांच्या पुतण्याची वरच्या माळावर डांबरी सडकेलगत बावीस गुंठ्यांची जमीन होती, स्वतंत्र गट, सातबाऱ्यावर त्याचं एकट्याचं नाव. त्याने ती विकायचं चार माणसांत बोलून ठेवलं होतं. तिथून पाणी दिसतं, पण लांब. सरांचा चेहरा जरा उतरला. मी म्हटलं, आज काही ठरवू नका, ऑगस्टात या.

ते खरंच आले, मुसळधार पावसात. मलाही बरोबर नेलं. खालच्या तुकड्यात पाणी चुन्याच्या रेघेच्या जागेपर्यंत आलं होतं, आंब्याचं खोड आणि तारेचे खालचे खांब पाण्यात गेले होते. वरच्या माळावर पाणी साचत नव्हतं. पुतण्याची विहीर भरलेली होती, पण ती मेमध्ये किती तळाला जाते हे त्याने न लपवता सांगितलं, वर कुठल्या वर्षी आटली होती तेही. मी त्यांना घाईने इसार देऊ दिला नाही. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल, फेरफार उतारे, इतर हक्कातले शेरे, सगळं आधी. आणि मी मोजलं म्हणजे हद्द ठरली असं नाही, सरकारी मोजणी हवीच, हेही सांगितलं.

पुतण्याने आता भूमी अभिलेखच्या कार्यालयात मोजणीचा अर्ज टाकला आहे. तारीख मिळाली की भूकरमापक हद्दीच्या खुणा दाखवताना मी तिथे असेन. त्या बावीस गुंठ्यांच्या कडेने वाडीतली गुरं खाली पाण्यावर उतरतात. ती वाट खुली राहील, अशी अट मॅडमनी आपण होऊन साठेखतात, म्हणजे खरेदीआधीच्या करारात, घालायला लावली आहे.