२४.१० टाकल्यावर राऊटर सारखा रीबूट: मे महिन्याची नोंद

आत्ताची स्थिती: ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरवर कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकता येणारी मुक्त प्रणाली) २४.१० चालू आहे, वायफायचे दोन्ही रेडिओ चालू आहेत, आणि हे लिहीपर्यंत एकदाही रीबूट नाही. मधल्या भानगडीची नोंद जरा सविस्तर करतोय. लक्षणं सगळी 'अपग्रेड फसलं' अशीच होती आणि निघालं भलतंच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: राऊटर जुना, डबल बँड, १६ एमबी फ्लॅश (कायमची साठवण), १२८ एमबी रॅम, सोबत १२ व्होल्ट २ अँपिअरचा मूळ अडॅप्टर. मुक्काम जुळे सोलापूर, वरची खोली, डोक्यावर पत्रा. कंपनीने या मॉडेलचे अपडेट कधीच थांबवले, म्हणून ओपनडब्ल्यूआरटी. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राऊटरचा सोर्स कोड जीपीएल या मुक्त परवान्यामुळे २००३ मध्ये खुला करावा लागला, त्यातून २००४ मध्ये हा प्रकल्प उभा राहिला, आणि त्याच्या जोरावर माझ्यासारख्यांचे जुने डबे अजून जिवंत आहेत.

शनिवार रात्र

२३.०५ वरून २४.१० वर जायचं होतं. इमेज (नव्या आवृत्तीची फाईल) उतरवली, एसएचए२५६ (फाईल अखंड आहे का ते तपासणारा आकडा) जुळवून पाहिला, लूसी या राऊटरच्या वेब पानावरून बॅकअप घेऊन लॅपटॉपवर ठेवला, 'सेटिंग्ज ठेवा'वर टिक ठेवून अपग्रेड सुरू केलं. दिवा लुकलुकला, राऊटर परत आला, मोबाईलवर वायफायचं नाव दिसलं आणि मी जोडायच्या आत गेलं. परत आलं, परत गेलं. हेच चक्र.

खालून आईचा आवाज: "अरे, नेट कधी येणार?" तिची मालिका अर्ध्यावर अडकलेली. आणि भाऊ जिन्यात उभा राहून ते एक वाक्य म्हणाला, जे या छंदातल्या प्रत्येकाला कुणीतरी कधीतरी ऐकवलंय: "चांगलं चालत होतं की बे, कशाला हात लावलास?"

याला उत्तर नसतं. म्हणजे असतं, सुरक्षेचे पॅच, नवीन कर्नल (प्रणालीचा गाभा), २३.०५ चा ५.१५ जाऊन आता ६.६ आलाय वगैरे. पण मालिका अडकलेली असताना कर्नलचा नंबर सांगायची ती वेळ नव्हे.

अशा वेळी मी आता एक गोष्ट सगळ्यात आधी करतो: राऊटरला हात न लावता घराला नेट देतो. फायबरच्या मोडेमचं स्वतःचं वायफाय मी बंद ठेवलेलं असतं, ते चालू केलं. खालच्या मजल्यावर पोचतं तेवढं बास. आईची मालिका सुरू झाली, भाऊ निघून गेला, आणि बिघडलेला राऊटर पुन्हा फक्त माझ्या टेबलावरचा प्रश्न झाला. चिडचिड बिघाडाची कमी आणि जिन्यातल्या चौकश्यांची जास्त असते, हे माझं पक्कं मत आहे.

दुसरा नियम जास्त कडक: डोकं तापलेलं असेल तोवर राऊटरमधून फक्त वाचायचं, त्याच्या फ्लॅशवर काही लिहायचं नाही. परत फ्लॅश करू, जुनी आवृत्ती टाकू, टीएफटीपीने (केबलवरून फाईल पाठवायची साधी पद्धत) कंपनीचं मूळ फर्मवेअर (राऊटरमधलं सॉफ्टवेअर) भरू, असे हात फार शिवशिवतात. पण प्रत्येक लिखाणाबरोबर आधीचा पुरावा पुसला जातो, आणि राऊटर खरंच वीट (कायमचा निकामी) होण्याची एक जास्तीची संधी तयार होते. टीएफटीपीची फाईल मी तयार करून ठेवली, केबल जोडली नाही.

त्याऐवजी वहीत दोन रकाने केले, 'दिसलं' आणि 'वाटतं'. त्या रात्री 'वाटतं'चा रकाना पानभर झाला. 'दिसलं'मध्ये ओळी मोजक्याच: बूट होतो, वायफायचं नाव उमटतं, लगेच सगळे दिवे एकदम विझतात, परत पहिल्यापासून.

'वाटतं'मधले संशयित अगदीच हवेतले नव्हते. १९.०७ वरून २१.०२ वर जाताना बऱ्याच राऊटरांचं स्विचचं कॉन्फिगरेशन डीएसए या नव्या पद्धतीत बदललं आणि जुनी सेटिंग्ज चालेनाशी झाली, हे आठवत असेलच. पण तिथे अपग्रेडच आडवं येतं, सेटिंग्ज ठेवून पुढे जाऊ देत नाही. २२.०३ मध्ये फायरवॉल आयपीटेबल्स सोडून एनएफटेबल्सवर गेली, तेव्हा हाताने लिहिलेले आयपीटेबल्सचे नियम कोलमडले. पण त्याने राऊटर रीबूट होत नाही, फक्त नियम लागत नाहीत. दोन्ही नावांवर काट मारली आणि झोपलो.

रविवार

सकाळी फेलसेफ, म्हणजे आपली सेटिंग्ज न वापरता राऊटर किमान गोष्टींनिशी सुरू करायची सोय. राऊटर सुरू होताना दिवा भराभर लुकलुकतो त्या वेळी रीसेटचं बटण दाबायचं, लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.२ पत्ता द्यायचा आणि १९२.१६८.१.१ ला एसएसएचने (लॅपटॉपवरून कमांड द्यायची सोय) शिरायचं. फेलसेफमध्ये राऊटर मुकाट बसून राहिला. चहा झाला, आंघोळ झाली, तरी चालूच. 'दिसलं'मध्ये नवी ओळ: फेलसेफमध्ये रीबूट नाही. फर्मवेअरच खराब असतं तर इतका वेळ बहुधा तग धरला नसता.

मग झाकण उघडून सिरियल जोडलं, म्हणजे राऊटर बूट होताना जे छापतो ते लॅपटॉपवर वाचायची वायर. बोर्डावर चार भोकांची रांग होती, तिच्यात पिना आधीच डकवून ठेवल्या होत्या. सीएच३४० चा यूएसबी ते टीटीएल तुकडा, ३.३ व्होल्टवर. ग्राउंडला ग्राउंड, टीएक्स (पाठवणारी पिन) आरएक्सला (घेणारी), आरएक्स टीएक्सला, आणि व्हीसीसीची (विजेची) पिन मोकळी. वेग ११५२००. सिरियल नसलेला माणूस अपग्रेड फसल्यावर बंद दाराबाहेर उभा असतो. हा तुकडा दोन-तीनशे रुपयांत मिळतो, घेऊन ठेवाच.

लॉग धावला. यू-बूट (कर्नलला सुरू करून देणारा बूटलोडर), कर्नल, मग ती 'जेएफएफएस२ अजून तयार नाही, तात्पुरतं टीएमपीएफएस वापरतोय' या अर्थाची ओळ (जेएफएफएस२ म्हणजे फ्लॅशवरची साठवण, टीएमपीएफएस म्हणजे रॅममधली). ही वाचून सेटिंग्ज गेली की काय असं वाटतं, पण नवीन फ्लॅशनंतरच्या पहिल्या बूटला ती येतेच, घाबरू नका. पुढे वायफायचा एटीएच१०के ड्रायव्हर रेडिओचं फर्मवेअर चढवू लागला. आणि ती ओळ शब्दाच्या मध्यावर तुटली. अर्धा शब्द, मग दोन-तीन कचरा अक्षरं, आणि खाली पुन्हा यू-बूटची पहिली ओळ.

त्या अर्ध्या शब्दाकडे मी बराच वेळ बघत बसलो. कर्नल पॅनिक झाला तर तो बोंबलतो, कॉल ट्रेस छापतो, मग रीबूट होतो. वॉचडॉग (अडकलेल्या राऊटरला जागं करणारा टायमर) न बोलता रीसेट करतो, पण त्याआधी लॉग काही सेकंद थबकलेला दिसतो. इथे यातलं काहीच नव्हतं. बोलता बोलता गळा दाबल्यासारखं. सॉफ्टवेअर असं मरत नाही.

खात्री करायला फेलसेफमधून माउंट_रूट (फ्लॅशवर लिहिता यावं म्हणून द्यायची कमांड) करून दोन्ही रेडिओ कॉन्फिगमध्ये बंद केले. हे लिखाणच, पण दोन ओळींचं आणि परत फिरवता येणारं. नेहमीच्या बूटला राऊटर ठणठणीत. एक रेडिओ चालू, ठीक. दुसराही चालू केला आणि खल्लास.

इथे एक खाचखळगा सांगतो. मी शनिवारी रात्री चिडून सेटिंग्ज न ठेवता नव्याने फ्लॅश केलं असतं तर राऊटर छान चालला असता, कारण ओपनडब्ल्यूआरटीच्या कोऱ्या इन्स्टॉलमध्ये या असल्या राऊटरचं वायफाय बंदच असतं. मग सेटिंग्जवर खापर फोडून मी सगळं हाताने परत भरत बसलो असतो, आणि शेवटी वायफाय चालू केल्यावर पुन्हा तोच खेळ.

सोमवार, नवी पेठ

मल्टिमीटरने अडॅप्टर मोजला: १२.२ व्होल्ट. नवा कोरा म्हणावा असा आकडा. तरी संशय जाईना, म्हणून संध्याकाळी ऊन उतरल्यावर नवी पेठेत एका दुरुस्तीवाल्या मामांकडे गेलो. टीव्ही, सेटटॉप बॉक्स, सीसीटीव्हीच्या पॉवर सप्लाय यांतच आयुष्य गेलेला माणूस. मी सिरियल लॉगची कथा सुरू केली, त्यांनी अर्ध्यात हात वर केला.

"अडॅप्टर लोडवर बघितलास का?"

"बारा पॉइंट दोन येतोय, मामा."

"रिकाम्या हाताने सगळेच पैलवान की बे."

त्यांनी ड्रॉवरमधून गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब काढला, १२ व्होल्ट २१ वॅट. म्हणजे पावणेदोन अँपिअरचा भार, दोनच्या अडॅप्टरला अगदी बेताचा. सीसीटीव्हीवाले वापरतात तो स्क्रूवाला डीसी जॅक लावला, त्याच स्क्रूंवर मीटरच्या दोन्ही पिना टेकवल्या. बल्ब पेटला, पण पिवळट आणि थरथरत. मीटर ९.४ वर आला, वर गेला, परत पडला. बल्ब काढला, पुन्हा १२.२, जसं काही घडलंच नाही.

अडॅप्टर चिकटवलेला होता, मामांनी शिवणीवर ब्लेड ठेवून हातोडीने हलकेच टकटक करत उघडला. आउटपुटच्या बाजूचा कपॅसिटर, १००० मायक्रोफॅरॅड १६ व्होल्ट, ८५ अंशांचा, डोक्याला फुगलेला. वरची फुली उचललेली आणि तिच्या फटीत तपकिरी खपली. त्या जागी त्यांनी १००० मायक्रोफॅरॅडचाच, पण २५ व्होल्टचा, १०५ अंशांचा, लो ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) बसवला. घरी करणार असाल तर एक लक्षात ठेवा: आत दुसरा मोठा कपॅसिटर असतो तो मेन लाइनच्या बाजूचा, २३० व्होल्टचे तिथे सव्वातीनशेच्या आसपास डीसी होतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. तो डिस्चार्ज झालाय हे मोजल्याशिवाय बोट आत घालू नका.

आता अपग्रेडच्याच दिवशी हे का? इन्व्हर्टरवर असल्याने राऊटर महिनोनमहिने बंदच झाला नव्हता. एका लयीत चालताना प्रोसेसर निवांत असतो, रेडिओ आधीच जागे असतात, आणि थकलेला कपॅसिटर कसाबसा निभावून नेतो. रीबूटला मात्र प्रोसेसर पूर्ण ताणावर, पहिल्या बूटला फ्लॅश पुसणं चालू, आणि त्यातच दोन्ही रेडिओ एकदम उठतात. अपग्रेड निमित्त झालं. लाईट जाऊन नुसता रीबूट झाला असता तरी बहुधा हेच झालं असतं, फक्त मग माझ्यावर आळ आला नसता.

आणि कपॅसिटर थकला कशाने, तर वरच्या पत्र्याने. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं ढोबळ गणित असं, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. सोलापुरात मे महिन्यात बाहेरच ४३-४४ पर्यंत जातं. पत्र्याखालच्या बंद खोलीत, प्लास्टिकच्या डबीत, स्वतःच्या उष्णतेसकट तो ८५ अंशवाला किती वर्षं टिकणार?

मंगळवारपासून

दुरुस्त अडॅप्टर, तेच २४.१०, तीच सेटिंग्ज. काहीही परत फ्लॅश केलेलं नाही. दोन्ही रेडिओ चालू असताना आणि मोठी फाईल उतरत असताना जॅकवर ११.९ व्होल्ट. मोडेमचं वायफाय परत बंद केलं. भावाला फुगलेला कपॅसिटर दाखवला. तो म्हणाला, "बरं," आणि मोबाईलकडे वळला. हा विषय घरात एवढ्यावरच मिटतो.

बाकी राहिलेलं: अडॅप्टर आणि राऊटर दोन्ही जिन्याखालच्या कोनाड्यात हलवायचे, त्यासाठी लॅनची वायर वरून खाली ओढावी लागेल. एसक्यूएमचं केक (नेटवर गर्दी असताना विलंब कमी ठेवणारी सोय) लावायचंय, सुरुवातीला प्लॅनच्या वेगाच्या ९० टक्क्यांवर, मग बघत बघत वर. इंडिकेटरचा एक बल्ब आणि डीसी जॅकची जोडी टूलबॉक्समध्ये टाकली आहे, आणि घरातल्या बाकी १२ व्होल्टच्या अडॅप्टरांपैकी सीसीटीव्हीचा पहिल्यांदा तपासणार आहे, तो तर गच्चीवर उन्हातच असतो.