त्रिनिदादचा शेवटचा दिवस आणि शेंगा चटणी

रात्रीचं फ्लाइट होतं त्यामुळे सकाळ मोकळी, ग्रुपातले निम्मे बॅगा भरत बसले आणि आम्ही सात-आठ जण डबल्स खायला गेलो. डबल्स म्हणजे हळद घातलेल्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या (तिकडं त्यांना ‘बारा’ म्हणतात), त्यावर गरमागरम चना, चिंचेची चटणी, काकडी, कागदात गुंडाळून हातात. गाडीवाला विचारतो पेपर किती, म्हणजे तिखट. आमच्या काकू म्हणाल्या फुल्ल टाक की, आम्ही सोलापूरचे! पहिल्या घासालाच डोळ्यात पाणी. मग पर्समधनं उरलेली शेंगा चटणी काढून त्याच्यावरच भुरभुरली, गाडीवाल्यालाही चाखायला दिली, तो लई खूश.

मग वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ. सिवदास साधू नावाच्या ऊसमजुरानं साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं, ते पाडलं, त्याला तुरुंगात टाकलं, तर हा गडी म्हणाला जमीन तुमची ना, मग समुद्रात बांधतो. सायकलवरनं दगड वाहून वर्षानुवर्षं भराव घातला. आत्ताचं देऊळ 1995 चं. चहूबाजूंनी पाणी, मला आपलं सिद्धेश्वरच आठवलं, फक्त तळ्याऐवजी समुद्र. 1845 ला भारतातनं मजूर घेऊन पहिलं जहाज आलं तेव्हापासनंची ही इथली भारतीय वंशाची माणसं, आडनावं रामपरसाद, महाराज वगैरे, पण बोलणं ऐकलं तर शब्द कळत नाही राव.

एअरपोर्टवर काकूंची बॅग तीन किलो जास्त भरली. चटणी संपली होती, तिच्या जागी पेपर सॉसच्या सहा बाटल्या!