रात्रीचा रेंडर आणि इतवारीतला ठेला

नागपूर, मे महिन्यातली रात्र

पारा 45 च्या आसपास. अशा दिवसांत भर दुपारी लॅपटॉपवर ॲनिमेशनचा रेंडर, म्हणजे एकेक फ्रेम (चित्र) तयार करून घेण्याचं काम, लावूच नये. प्रोसेसर तापला की आपला वेग आपणच कमी करतो आणि दोन मिनिटांची फ्रेम पाच मिनिटं खाते. 10 सेकंदांचा शॉट म्हणजे सेकंदाला 24 प्रमाणे 240 फ्रेम. फ्रेमला 2 मिनिटं धरली तर 8 तास. रात्री अकराला लावला तर सकाळी सातला हातात. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधून थेट व्हिडिओ न काढता पीएनजी सिक्वेन्स, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल, काढावी आणि 'ओव्हरराइट'ची (जुन्या फाइलवर नवी लिहिण्याची) खूण काढून टाकावी. मधेच लाइट गेली तरी झालेल्या फ्रेम शाबूत राहतात, पुन्हा लावलं की काम राहिलं तिथून पुढे सरकतं.

पण रेंडर फार पुढची गोष्ट. चांगली मशीन नाही म्हणून आपलं काही होणार नाही, असं इंदोऱ्यातली, पाचपावलीतली पोरं-पोरी फार लवकर धरून बसतात. याचं मनापासून वाईट वाटतं, कारण सुरुवातीला लागतो तो कागद. 75 जीएसएम वजनाचे ए-फोर कागद, ऑफिसातला दोन भोकांचा पंच, त्या भोकांत घट्ट बसतील अशा दोन खुंट्या पट्टीवर चिकटवलेल्या, काचेखाली एलईडी दिवा, म्हणजे कागद हलत नाहीत आणि खालचं चित्र वरच्या कागदातून दिसतं. मोबाइल न हलेल असा बांधून प्रत्येक चित्राचा फोटो घ्यायचा. सेकंदाला 24 फ्रेम, पण एक चित्र दोन फ्रेम धरलं की 12 चित्रांत भागतं.

माणसाची चाल काढताना बहुतेकांचं एकाच जागी चुकतं: टेकलेला पाय घसरतो. जागच्या जागी चालणारी आकृती काढताना तो पाय दर चित्राला सारख्याच अंतराने मागे सरकला पाहिजे. अंतर कमी-जास्त झालं की माणूस शेवाळावरून चालल्यासारखा दिसतो.

आणि चाल कुणाची? पुस्तकातला तोच ताठ माणूस ढीगभर शोरीलमध्ये (आपल्या कामाचे नमुने दाखवणाऱ्या छोट्या व्हिडिओंमध्ये) असतो. इतवारीत भरला ठेला ढकलणारा हमाल बघावा. कमरेतून पुढे झुकलेला, जोर चवड्यावर, पाऊल आखूड, आणि ठेला हलण्याआधी क्षणभर सगळं अंग थांबलेलं. तो थांबाच वजन दाखवतो. तिथे दोन-तीन चित्रं जास्त द्यावीत. मिरवणुकीतला मारबतीचा पुतळा वळतो तेव्हा खालचा भाग आधी फिरतो, वरचा मागून येतो. दीक्षाभूमीवर पोराला खांद्यावर घेऊन गर्दीतून वाट काढणारा बाप कसा तोल सांभाळतो? हे सगळं इथल्या मुलांनी जन्मापासून पाहिलंय. पडद्यावर ते फारच कमी आलंय, आणि ते त्यांच्याच हातून यावं असं फार वाटतं.

प्रवेशाचं आणि कागदपत्रांचंही आताच लिहून ठेवते. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) ॲनिमेशनची पदवी आहे, प्रवेश तिच्या डीएटी या परीक्षेतून. आपल्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातून पदवी घेऊन सीईईडी ही डिझाइनची प्रवेश परीक्षा दिली, तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात ॲनिमेशनचं एम.डेस. (पदव्युत्तर पदवी) करता येतं. राखीव जागेसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. तो निकालानंतर काढायला धावू नये. अनुसूचित जातीच्या मुलांना राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरची मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरची) शिष्यवृत्ती आहे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. खासगी क्लासचा डिप्लोमा शिष्यवृत्तीच्या अभ्यासक्रमांच्या यादीत आहे का, हे फी भरण्याआधी पोर्टलवरच तपासावं, काउंटरवरच्या माणसाच्या शब्दावर जाऊ नये.

शोरील 60 ते 90 सेकंदांची. सगळ्यात चांगला शॉट पहिला, कच्चा शॉट नकोच. शॉट चौघांनी मिळून केला असेल तर आपण नेमकं काय केलं ते कोपऱ्यात लिहावं.