आंबोलीचा व्हाळ आणि एक कात

घाट चढून आंबोलीत पोचलो की पर्यटक धबधब्याकडे वळतात, आम्ही पुढच्या एका व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरतो; मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या कीटकाची पिल्लं गोळा करायला. महिना नोव्हेंबर. जुलैत पुराचं पाणी दगडच उलथवतं, जाळ्यात नुसता पाचोळा. वनखात्याची परवानगी लागतेच. हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी मात्र जाळं न्यायचंच नाही; तिथल्या माशामुळे ती जागा २०२१ पासून जैवविविधता वारसा स्थळ आहे.

खळाळत्या पाण्यात जाळं प्रवाहाकडे तोंड करून रोवायचं आणि वरच्या अंगाचे दगड हाताने चोळायचे. जाळ्यात आलेलं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं की मेफ्लायची पिल्लं लगेच ओळखू येतात: पोटाच्या कडेला कल्ले, प्रत्येक पायाला एकच नखी, मागे बहुधा तीन शेपट्या. पायाला दोन नख्या असतील तर ती स्टोनफ्लाय या दुसऱ्या कीटकाची, परत पाण्यात.

इथे घाई नडते. सगळी पिल्लं अल्कोहोलमध्ये बुडवली, तर पुढे प्रौढ नराशी त्यांची सांगड घालणं अवघड होतं. आणि मेफ्लायच्या कितीतरी जातींची वर्णनं फक्त प्रौढावरूनच झाली आहेत. म्हणून पंखांच्या कळ्या काळ्या पडलेली पिल्लं जिवंत ठेवायची. जाळी लावलेला प्लास्टिकचा पेला, अर्धा पाण्यात, सावलीत, आत चढायला एक काडी. बंद बाटलीत पाणी तापतं आणि दुपारपर्यंत सगळी मरतात.

संध्याकाळी बाहेर येतो तो धुरकट पंखांचा उपप्रौढ. त्याला लगेच मारू नका. पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारा आजचा हा एकमेव कीटकगण, आणि नराचे जननावयव पूर्ण आकाराला येतात ते या शेवटच्या कातेनंतर. बहुधा दुसऱ्या दिवशी पंख काचेसारखे होतात. मग ९५ टक्के अल्कोहोल, आणि त्याच कुपीत पिल्लाची कात. कुपी काठोकाठ भरायची. आत हवेचा बुडबुडा राहिला तर तो हलून पाय-कल्ले मोडतो. चिठ्ठी पेन्सिलीनेच, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. फॉर्मालिन नको, डीएनए खराब होतो.

पुढचं काम सूक्ष्मदर्शकाखाली: दोन्ही जबडे वेगवेगळे बघायचे (डावा-उजवा सारखा नसतो), कल्ल्यांचा आकार, नखीवरचे दात. डीएनए बारकोड (जात ओळखायला वापरतात तो डीएनएचा छोटा तुकडा) जुळला नाही म्हणून ‘नवी जात’ म्हणू नये. जुन्या नावाच्या जातीचा बारकोड कुणी काढलेलाच नसेल. जुनं वर्णन आणि मूळ नमुना तपासल्याशिवाय नाव द्यायचं नाही. नाव द्यायचं ठरलंच, तर होलोटाइप, म्हणजे नावाचा आधार ठरणारा नमुना, एकच: कातेसकट तो नर.