उणे १५ म्हणजे पुढे की मागे? गोल्फमधला पार आणि कार्डाचा हिशोब

ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचा शेवटचा राऊंड बघायला लोक पहाटे उठले. बेंगळुरूची मुलगी, म्हणजे आपल्याच कर्नाटकातली. पडद्यावर तिच्या नावापुढे उणे १५ दिसत होतं, आणि क्रिकेटच्या धावा मोजत मोठे झालेल्या आपल्या बेळगाव सीमाभागातल्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो की हे चांगलं की वाईट? चांगलं. गोल्फमध्ये जेवढे फटके कमी तेवढा खेळाडू पुढे. तो कोर्स पार ७१ चा होता, म्हणजे अठरा होलच्या एका राऊंडला अपेक्षित फटके ७१. राऊंड चार, म्हणजे २८४. अदितीचे झाले ६७, ६६, ६८, ६८, एकूण २६९. दोनशे चौऱ्याऐंशीतून ते वजा केले की उरतात १५. ती चौथी आली. सुवर्णपदक उणे १७ ला गेलं. चार दिवस खेळून फरक दोन फटक्यांचा!

पार हा शब्द शेअरबाजारातून आला. शेअर ‘ॲट पार’ म्हणजे दर्शनी किमतीला. होल म्हणजे टीपासून (पहिला फटका मारायची जागा) ग्रीनवरच्या (शेवटची बारीक कापलेली हिरवळ) खळीपर्यंतचा एक टप्पा. त्याच अर्थाने होलचा पार म्हणजे पट्टीच्या खेळाडूने नेहमीच्या हवामानात त्या होलवर घ्यावेत एवढे फटके. पार म्हणजे सरासरी नव्हे. हौशी खेळाडूंची सरासरी पारच्या बरीच वर असते, आणि नवशिक्या इथेच खचतो.

पार ठरतो मुख्यतः अंतरावरून. पुरुषांसाठी साधारण २६० यार्डांपर्यंत पार ३, २४० ते ४९० पार ४ आणि ४५० ते ७१० पार ५. महिलांसाठी हेच आकडे २२० पर्यंत, २०० ते ४२० आणि ३७० ते ६००. पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत, कारण चढ-उतार आणि अडथळे बघून कमिटी निर्णय घेते. यार्ड म्हणजे आपला वारच: शहापूर-वडगावच्या मागावर नऊवारी मोजतात तो, तीन फुटांचा. ३८० यार्डांचा होल म्हणजे सुमारे ३४७ मीटर.

आता खरी गोम. प्रत्येक होलच्या पारमध्ये दोन ‘पट’, म्हणजे ग्रीनवर बॉल खळीकडे ढकलायचे दोन हलके फटके, आधीच धरलेले असतात. म्हणजे पार ३ ला पहिल्या फटक्यात ग्रीन गाठायचं, पार ४ ला दुसऱ्या, पार ५ ला तिसऱ्या. नेहमीच्या पार ७२ च्या कोर्सवर पार ३ चे चार, पार ५ चे चार आणि पार ४ चे दहा होल असतात: १२, २० आणि ४०. त्यातले ३६ फटके, म्हणजे निम्मे, पटरचे (पट मारायची काठी). तरी सरावाला आलेला माणूस तासभर ड्रायव्हरच (टीवरून लांब मारायची काठी) हाणत बसतो, जो अख्ख्या राऊंडमध्ये फार तर चौदा वेळा हातात येतो. म्हणून फटके लिहायच्या कार्डावर प्रत्येक होलच्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात पट किती झाले तेही लिहावं. पाच राऊंडांनंतर ते कार्डच सांगतं की फटके कुठे गळतात.

नावं पटकन: पारपेक्षा एक कमी बर्डी, दोन कमी ईगल, तीन कमी अल्बट्रॉस, एक जास्त बोगी, दोन जास्त डबल बोगी. गंमत म्हणजे १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये चांगल्या हौशी खेळाडूच्या आदर्श स्कोअरलाच बोगी म्हणत. पुढे पारचं माप अधिक कडक झालं आणि बोगी एक पायरी खाली घसरली. कार्डावर बर्डीभोवती गोल काढतात, बोगीभोवती चौकोन.

मोजणीत सर्वांत जास्त चूक होते ती आऊट ऑफ बाउंड्सला. टीवरून मारलेला बॉल हद्दीबाहेर गेला: तो फटका १, दंडाचा १, आणि तिथूनच पुन्हा मारता तो तिसरा. बरेचजण त्याला दुसरा म्हणतात आणि होल संपेपर्यंत एक कमीच मोजत राहतात. पाचव्या फटक्यात ग्रीन आणि दोन पट, म्हणजे ७. पार ४ ला ट्रिपल बोगी. बॉल हरवला तरी हाच हिशोब. शोधायला २०१९ पासून पाच नव्हे, तीनच मिनिटं मिळतात. शंका असेल तर पुढे जाण्याआधी दुसरा बॉल मारून ठेवा. पण तो ‘प्रोव्हिजनल’, म्हणजे तात्पुरता, आहे हे मोठ्याने सांगा. न सांगता मारलात तर पहिला बॉल सापडूनही उपयोग नाही, दुसराच खेळात धरतात. मारायच्या इराद्याने फिरवलेला आणि हवेतच गेलेला फटकाही फटकाच.

आपल्या भागात मिरग निघाला की आणखी एक नियम लागतो. तांबडी माती भिजली की उंचावरून पडलेला बॉल स्वतःच्याच खड्ड्यात रुततो. फेअरवे (कापलेलं गवत) असो की रफ (वाढलेलं गवत), त्याला दंड नाही. जागेवर खूण करा, बॉल उचला, पुसा आणि खुणेच्या लगेच मागच्या जागेपासून एका क्लबच्या (खेळायच्या काठीच्या) लांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून सोडा. बंकरच्या वाळूत मात्र ही सवलत नाही. आणि बॉलला नुसता चिखल लागलाय म्हणून फेअरवेवर तो उचलून पुसलात तर एक फटका दंड, कमिटीने त्या दिवसापुरती तशी मुभा जाहीर केली नसेल तर. ग्रीनवर खूण करून केव्हाही पुसता येतो.

पार सगळ्यांना एकच, ताकद मात्र वेगवेगळी. म्हणून हँडिकॅप, म्हणजे ताकदीप्रमाणे मिळणारी फटक्यांची सूट. शेवटच्या २० राऊंडांतले उत्तम ८ घेऊन सरासरीने इंडेक्स निघतो. त्याला कोर्सच्या स्लोपने (हौशी खेळाडूला कोर्स किती अवघड जातो त्याचा आकडा) गुणायचं, ११३ ने भागायचं आणि त्यात कोर्स रेटिंग (पट्टीच्या खेळाडूला तिथे लागतील असे फटके) वजा पार मिळवायचं. इंडेक्स १८, स्लोप १२०, रेटिंग ७०.५, पार ७२ असेल तर १९.१ मधून १.५ गेले, १७.६ राहिले, म्हणजे १८. प्रत्येक होलला एक फटका सूट. हँडिकॅप २२ असता तर कार्डावर स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रम) १ ते ४ लिहिलेल्या होलना दोन-दोन आणि बाकीच्यांना एक.

नवशिक्यांनी सुरुवात स्टेबलफर्ड या गुणांच्या पद्धतीनेच करावी, असं ठाम मत आहे. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांची ही पद्धत १९३२ पासून चालत आली आहे. सूट वजा करून बोगीला १ गुण, पारला २, बर्डीला ३, बोगीहून वाईट असेल तर शून्य. १८ हँडिकॅपवाल्याला पार ४ वर ५ फटके लागले तर २ गुण, ६ ला १, आणि ७ व्यावर बॉल उचलून पुढच्या होलकडे निघायचं. एक होल बिघडला म्हणून सगळा राऊंड वाया जात नाही. एकूण ३६ गुण म्हणजे तुम्ही आपल्या हँडिकॅपबरहुकूम खेळलात.

आकडे तुमचे, पण स्पर्धेत कार्ड लिहितो मार्कर (तुमचे फटके नोंदवायला नेमलेला माणूस), आणि सही दोघांची. बेरीज चुकली तर ती कमिटी सुधारते. होलचा आकडा चुकला तर जबाबदारी खेळाडूची. खऱ्यापेक्षा कमी लिहिला असेल तर बाद, जास्त असेल तर तोच कायम. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबर्टो डी व्हिसेंझोने १७ व्या होलवर ३ घेतले होते, मार्करने लिहिले ४, आणि त्याने तसंच कार्ड सही करून दिलं. ६५ चे ६६ झाले, बॉब गोल्बीशी बरोबरी व्हायची ती हुकली आणि प्लेऑफ झालाच नाही. म्हणून सहीआधी मार्करला समोर बसवून पहिल्या होलपासून एकेक आकडा मोठ्याने वाचून घ्यावा. दोन मिनिटंही लागत नाहीत.